बिघडलेली पेशी खरोखर परतली का? प्रयोगशाळेतली परीक्षा



महिला आरोग्य शिबिरातून परतलेल्या भगिनी अलीकडे हातातला कागद घेऊन माझ्याकडे येतात. राजूरसारख्या गावात रक्त-लघवी तपासणाऱ्याकडेच लोक सगळे अहवाल वाचून घ्यायला आणतात, आणि त्यात गैर काही नाही. कागदावर एका ओळीचा शेरा असतो : ‘गर्भाशयमुखाच्या पेशींत सौम्य बदल. एक वर्षाने पुन्हा तपासणी.’ या एका ओळीचे घरोघर दोन अर्थ काढले जातात. कोणी म्हणते, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला, आता सगळे संपले. कोणी म्हणते, काही दुखत नाही, खुपत नाही, मग भाडे खर्चून पुन्हा कशाला जायचे?

हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. पेशींतला बदल मागे फिरू शकतो, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तो फिरला की नाही हे नुसते बघून किंवा दुखण्यावरून कळत नाही. त्यासाठी परीक्षा घ्यावी लागते, आणि ती पुन्हा घ्यावी लागते. विषाणूने बिघडवलेली पेशी पूर्वपदावर आली आहे का, हे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत कसे ठरवतात, ते आज आपण पाहू या. विषय थोडा कठीण आहे, पण तो समजला की त्या एका ओळीच्या शेऱ्याचा अर्थ आपोआप कळेल.

पेशीची शिस्त आणि तिचा भंग

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. या पेशी शरीराबाहेर काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीतही वाढवता येतात. त्यांना पोषक द्रव द्यायचा आणि ३७ अंश सेल्सियसची, म्हणजे अंगाइतकी ऊब द्यायची. पेशी बशीच्या तळाला चिकटतात, पसरतात आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. मात्र चहूबाजूंनी शेजारच्या पेशींचे अंग लागले की निरोगी पेशी वाढ थांबवते. तळावर पेशींचा एकच सपाट थर तयार होतो. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनाची रांग आठवा. पुढच्या माणसाला आपण टेकलो की थांबतो, त्याच्या खांद्यावर चढून पुढे जात नाही. निरोगी पेशीची शिस्त तशीच असते.

काही विषाणू पेशीत शिरले की ही शिस्त मोडते. विषाणूची जनुके पेशीच्या कारभारात ढवळाढवळ करतात. पेशी गोल होतात, शेजारणीच्या अंगावर चढतात, थरावर थर रचतात. अशा पेशीला शास्त्रज्ञ ‘रूपांतरित पेशी’ म्हणतात. कर्करोगाच्या वाटेवरचे हे एक पाऊल असते.

विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो हे प्रथम कोंबड्यांत दिसले. अमेरिकेतील पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीचा अर्क इतका बारीक गाळला की त्यात एकही पेशी राहिली नाही. तो अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला, तरी तिला गाठ झाली. या शोधाकडे जगाने फार काळ दुर्लक्ष केले. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, तब्बल ५५ वर्षांनी.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम लवकर सुरू झाले. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाचे संशोधन केले. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले, आणि परतल्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात अशी प्रयोगशाळा उभी केली. ती भारतातील पहिली मानली जाते. उंदरांतील स्तनाचा कर्करोग आणि विषाणू यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

मागे फिरलेल्या पेशी शोधायच्या कशा?

रूपांतरित पेशींच्या लाखोंच्या गर्दीत एखादी पेशी आपणहून पूर्वीच्या शिस्तीत परतते. पण गर्दीतून ती निवडायची कशी? १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये पोलॅक, ग्रीन आणि टोडारो या तिघांनी त्यासाठी एक साधी युक्ती वापरली. त्यांच्याकडे उंदराच्या पेशी होत्या. माकडांत सापडणाऱ्या एसव्ही-४० नावाच्या विषाणूने त्या रूपांतरित झालेल्या होत्या. बशी पेशींनी पूर्ण भरू दिली आणि मग त्यात असे औषध घातले, जे फक्त विभागत असलेल्या पेशीलाच मारते.

आता काय झाले असेल, पाहा. शिस्त मोडलेल्या पेशी जागा नसतानाही विभागत राहिल्या आणि औषधाने मेल्या. ज्या थोड्या पेशी शिस्तीत परतल्या होत्या, त्या शेजार लागताच थांबलेल्या होत्या. थांबलेल्या पेशीला ते औषध फारसे बाधत नाही. त्या वाचल्या. उरलेल्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या, तर त्या सपाट पसरून एकाच थरात वाढू लागल्या, आणि उंदरांना टोचल्यावर गाठी होण्याचे प्रमाणही घटले.

पण सपाट दिसली म्हणजे परतली, एवढ्यावर शास्त्रज्ञ समाधान मानत नाहीत. येथून खरी परीक्षा सुरू होते.

परीक्षेतले सहा प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही परीक्षा लवकर समजेल. बियाण्याच्या धंद्यासाठी आपला जिल्हा ओळखला जातो. बियाणे नुसते हातात घेऊन त्याची जात शुद्ध आहे की नाही हे सांगता येत नाही. म्हणून नमुना शेतात पेरतात, रोपे वाढू देतात आणि मग भेसळ मोजतात. पेशीचेही असेच आहे. ती दिसते कशी, यापेक्षा पेरल्यावर वागते कशी, हे महत्त्वाचे.

पहिला प्रश्न : दिसते कशी आणि थांबते कुठे? सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सपाट आहे की गोल, एक थर आहे की ढीग, हे पाहतात. कोंबडीच्या पेशींवर राउसचा विषाणू टाकला की पेशींच्या सपाट थरात रूपांतरित पेशींचे छोटे ढिगारे उठतात. हे ढिगारे मोजण्याची पद्धत टेमिन आणि रुबिन यांनी १९५८ साली बसवली. शिवाय बशी भरल्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती पेशी मावल्या तेही मोजतात. परतलेल्या पेशींचा हा आकडा निरोगी पेशींच्या जवळ यायला हवा.

दुसरा प्रश्न : आधाराशिवाय वाढते का? निरोगी पेशीला वाढण्यासाठी टेकायला तळ लागतो. रूपांतरित पेशी अधांतरीही वाढते. ही परीक्षा समुद्रशेवाळापासून काढलेल्या अगरमध्ये घेतात. बाजारात चायना ग्रास म्हणून मिळतो, तोच पदार्थ. पातळ, मऊ अगरमध्ये मोजून पेशी मिसळतात. दोन-तीन आठवड्यांनी पाहिले तर रूपांतरित पेशींच्या गोल वसाहती डोळ्यांना दिसतील इतक्या मोठ्या झालेल्या असतात, निरोगी पेशी मात्र होत्या तशाच एकेकट्या राहतात. १९६४ साली मॅकफर्सन आणि मोन्तान्ये यांनी ही पद्धत मांडली. हेच मोन्तान्ये पुढे एड्सच्या विषाणूच्या शोधासाठी नोबेलचे मानकरी झाले. समजा, रूपांतरित पेशी हजार पेरल्यावर तीनशे वसाहती आल्या आणि परतलेल्या म्हणवणाऱ्या पेशी हजार पेरल्यावर दोन-तीनच आल्या, तर दुसरा पेपर सुटला. मात्र एकाच दिवशी, एकाच अगरमध्ये निरोगी पेशीही शेजारी पेरलेल्या असाव्या लागतात. तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही.

तिसरा प्रश्न : किती खुराकावर भागते? पोषक द्रवात सुमारे दहा टक्के सीरम, म्हणजे रक्तातले गोठणारे घटक काढून उरलेले पाणी, घालतात. निरोगी पेशीला ते लागतेच. रूपांतरित पेशी एक-दोन टक्क्यांवरही वाढत राहते, कारण वाढीचा हुकूम तिला बाहेरून लागत नाही, तो आतूनच मिळतो. रोज पेशी मोजून वाढीचा आलेख काढला की कोणाला सीरम लागते आणि कोणाला नाही ते दिसते.

चौथा प्रश्न : उंदरात गाठ होते का? जन्मतः प्रतिकारशक्ती दुबळी असलेले, अंगावर केस नसलेले उंदीर यासाठी पाळतात. पेशी त्यांना टोचून अनेक आठवडे वाट पाहतात. बशीतल्या सगळ्या परीक्षा उत्तीर्ण झालेली पेशी इथे नापास झाल्याचीही उदाहरणे आहेत.

पाचवा प्रश्न : विषाणू आत आहे का? सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. विषाणूची प्रथिने शोधायला चमकणारा रंग जोडलेली प्रतिद्रव्ये वापरतात. प्रथिन असेल तर पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकते. विषाणूचे जनुक शोधायला पूर्वी सदर्न यांची १९७५ सालची पद्धत वापरत. १९८३ नंतर पीसीआर आली. करोनाच्या साथीत हे नाव आपल्या घराघरांत पोचले आहे. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे ही पेशी दुसऱ्या, विषाणूला वाढू देणाऱ्या पेशीशी जोडून टाकायची. आत विषाणू झोपलेला असेल तर तो तिथे जागा होऊन बाहेर पडतो.

सहावा प्रश्न : हीच ती पेशी आहे ना, आणि परतलेली टिकते का? प्रयोगशाळेत एका बशीतल्या पेशी दुसरीत शिरण्याचे प्रकार घडतात. १९६६ साली गार्टलर यांनी दाखवून दिले की निरनिराळ्या नावांनी वाढवल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात एकाच बाईच्या होत्या. म्हणून परतलेली पेशी एकटी वेगळी काढून, तिचीच संतती वाढवून, गुणसूत्रे तपासून ओळख पटवतात. मग महिनोन्महिने तिला वाढवत ठेवून सगळ्या परीक्षा पुन्हा घेतात. आज शहाणी वागणारी पेशी चार महिन्यांनी पुन्हा बिघडू शकते.

परतण्याचे तीन प्रकार

या सगळ्या परीक्षांतून एक मोठी गोष्ट निघाली. परतणे एकाच प्रकारचे नसते.

पहिल्या प्रकारात विषाणूचे जनुकच पेशीतून नाहीसे होते. आग लावणाराच निघून गेला, असे हे परतणे. दुसऱ्या प्रकारात जनुक आत असते, पण गप्प झालेले असते किंवा मोडलेले असते. तिसऱ्या प्रकारात जनुक चालू असते, पण पेशीतच असा काही बदल झालेला असतो की ती त्याचे ऐकत नाही.

पोलॅक आणि सहकाऱ्यांच्या एसव्ही-४० विषाणूच्या परतलेल्या पेशींत काय निघाले, हे ऐकून नवल वाटेल. पेशी सपाट, शिस्तीच्या, पण विषाणूचे प्रथिन आत होतेच आणि विषाणू पुन्हा बाहेरही काढता येत होता. म्हणजे चेहरा शहाणा, पण पाहुणा घरातच.

१९७० साली स्टीव्हन मार्टिन यांनी राउसच्या विषाणूचा एक बदललेला वाण शोधला. त्याने बाधित झालेल्या कोंबडीच्या पेशी ३६ अंशांवर ठेवल्या की बिघडलेल्या दिसत, ४१ अंशांवर ठेवल्या की निरोगी दिसत, आणि परत ३६ अंशांवर आणल्या की पुन्हा बिघडत. बिघाड टिकवायला विषाणूचे जनुक सतत राबावे लागते, हे यातून सिद्ध झाले. त्याचबरोबर नुसत्या दिसण्यावर विश्वास ठेवला तर फसगत होते, हेही कळले. ज्या दिवशी पाहिले, त्या दिवशी ऊब किती होती यावर उत्तर अवलंबून!

एका बाईच्या पेशींची साक्ष

आता गर्भाशयमुखाकडे येऊ. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची तरुण बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी होती. तिच्या गाठीतला तुकडा, तिची परवानगी न घेता, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. डॉ. रणदिवे ज्यांच्याकडे शिकल्या, तेच हे गाय. ती बाई त्याच वर्षी गेली. पेशी मात्र आजही ‘हेला’ या नावाने जगभर वाढत आहेत. गार्टलर यांनी ओळखलेल्या त्या पेशी याच. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातूनही संशोधकांना निरनिराळ्या पेशी पुरवल्या जातात.

पुढे जर्मनीतील हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, असल्याचे दाखवले. १९८३ साली त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला आणि १९८४ साली १८ क्रमांकाचा. हेला पेशींतही हा १८ क्रमांकाचाच विषाणू निघाला. त्सूर हाउसेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात.

या विषाणूची ई-६ आणि ई-७ अशी दोन जनुके पेशीचे दोन रखवालदार निकामी करतात. त्यांतला एक खराब झालेल्या पेशीला थांबवतो, दुसरा विभागणीवर पहारा ठेवतो. २००० साली अमेरिकेतील येल विद्यापीठात गुडविन आणि डिमायो यांनी हेला पेशींत एक असे जनुक घातले, ज्याने ई-६ आणि ई-७ गप्प बसतात. जवळजवळ ५० वर्षे न थांबता वाढणाऱ्या त्या पेशी थांबल्या आणि म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे रखवालदार मेलेले नव्हते, फक्त बांधून ठेवलेले होते. इतक्या वर्षांनीसुद्धा त्या पेशींची वाढ विषाणूच्या हुकमावरच चालली होती.

बशीतली पेशी आणि अंगातली पेशी

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. बशीत तीच पेशी मागे फिरते. बाईच्या शरीरात बहुधा वेगळे घडते. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूने बाधित पेशी ओळखून काढून टाकते आणि त्यांच्या जागी नव्या, निरोगी पेशी येतात. एचपीव्हीचा संसर्ग झालेल्या सुमारे दहांपैकी नऊ जणींत तो दोन वर्षांच्या आत आपोआप निवळतो. म्हणूनच ‘सौम्य बदल’ म्हणजे कॅन्सर नव्हे. असे सौम्य बदल बहुतेक वेळा मावळतात.

पण उरलेल्यांचे काय? ज्यांच्यात विषाणू वर्षानुवर्षे ठाण मांडतो, त्यांच्यात बदल तीव्र होत जातात. तीव्र बदल झालेल्या, पण पुरेसे उपचार न मिळालेल्या स्त्रियांची न्यूझीलंडमधील माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी ३० वर्षांत सुमारे ३० टक्के स्त्रियांना कर्करोग झाला. तीव्र बदल आपोआप जाईल म्हणून वाट पाहायची नसते, त्यावर उपचार करायचे असतात. आणि तुम्ही नऊ जणींत आहात की दहावीत, हे पोटात दुखण्यावरून कळत नाही. दुखू लागते, अंगावरून जाऊ लागते, तोवर फार उशीर झालेला असू शकतो.

मराठवाड्याने जगाला दिलेला धडा

याचा पुरावा दूर कुठे शोधायला नको. आपल्या मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे गावांनुसार चार गट केले. एका गटात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन पाहणे, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावून पांढरा डाग दिसतो का ते पाहणे, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. तपासणी आयुष्यात एकदाच. नंतर आठ वर्षे पाठपुरावा.

२००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पॅप आणि आम्लाच्या गटांत एकाच फेरीत तशी ठळक घट दिसली नाही.

आता आपला पाठ आठवा. पॅप आणि आम्ल पहिला प्रश्न विचारतात : दिसते कशी? एचपीव्हीची तपासणी पाचवा प्रश्न विचारते : विषाणू आत आहे का? एकदाच विचारायची संधी असेल तर पाचवा प्रश्न अधिक कामाचा ठरला.

मग आम्लाची तपासणी फुकट गेली का? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा दुसरा अभ्यास झाला. तिथे निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा आम्लाची तपासणी केली. त्यांच्यात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. साधा प्रश्न असला, तरी तो वेळोवेळी विचारला की कामी येतो. ‘पुन्हा तपासणी’ या दोन शब्दांची किंमत ही आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा विषाणू असणे म्हणजे वाईट चालीचे लक्षण का? मुळीच नाही. शरीरसंबंध येणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा संसर्ग होतो. तो वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो, त्यामुळे कोणाकडून, केव्हा आला हे सांगता येत नाही. या कागदावरून नवरा-बायकोत, सासू-सुनेत संशय शिरू देऊ नये.

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ अशी जाहिरात करणारी औषधे घ्यावीत का? बशीतल्या पेशी मिठाच्या तीव्र पाण्यानेही मरतात. म्हणून मीठ कर्करोगाचे औषध होत नाही. पेशी परतल्याचा दावा कोणी केला तर त्याला वरचे सहा प्रश्न विचारा, आणि सातवा हा की माणसांवर अभ्यास झाला का?

दुसऱ्या वेळी अहवाल चांगला आला तर? आनंदाची गोष्ट. तरी डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख पाळा. उपचार झाले असतील तर वर्षाने पुन्हा तपासणी आवश्यक असते.

लस आहे ना? आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ साली परवाना मिळाला. ती मुलींना लहान वयात, विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी द्यायची असते. आधीच झालेला संसर्ग किंवा पेशींतला बदल ती दूर करत नाही. म्हणून मुलीला लस आणि आईला तपासणी, असे दोन्ही हवे.

एवढे करा

३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी सांगितली आहे. ती दोन-चार मिनिटांची असते आणि भूल लागत नाही. आपल्या आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधी असलेले पांढरे जाणे, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात जावे. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

अहवालाचा कागद रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहा. पेरणी, लग्नसराई, ऊसतोड, काहीही आडवे आले तरी ती तारीख चुकवू नका. घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी सोबत जावे.

पुढील आठवड्यात : स्तनाची तपासणी घरच्या घरी कशी समजून घ्यावी.